देणे नाही, तरी वसुली

कर चुकविणे हा समाजद्रोह आहे, हे समाजवादी विचाराच्या माणसाला कोणी नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नाही. रस्ते, दवाखाने, शाळा, रोजगार हमीची कामे ही सारी करांतूनच उभी राहतात आणि ज्याच्यापाशी अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व सोडले तर समाजवादात उरते तरी काय? पण याच तत्त्वाची दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडून घेऊ नये. ज्याच्यावर कायद्याने एक रुपयाचाही कर बसत नाही, त्याच्या हाती पहिला पगार पडण्यापूर्वीच त्यातला दहावा किंवा पाचवा हिस्सा काढून घ्यायचा आणि मग "तुमचे असेल तर अर्ज करा, परत मिळेल" असे सांगायचे, या व्यवहाराला करवसुली हे नाव शोभत नाही. बिनव्याजी, किंबहुना सक्तीचे कर्जच ते. असे कर्ज आज देशातल्या सर्वांत दरिद्री जिल्ह्यांतील सर्वांत नव्या नोकरदारांकडून घेतले जात आहे.

नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांतली शिकलेली पहिली किंवा दुसरी पिढी आज नोकरीच्या दाराशी उभी आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा, नंदुरबार या सहाही तालुक्यांत नोकरी म्हणजे मुख्यतः आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, पंचायत समिती, महाविद्यालय आणि या सर्वांच्या भोवती वाढलेले कंत्राटी नेमणुकांचे रान. कायम पदे आटत गेली, तशी 'मानधन' या शब्दाची भरभराट झाली. शिक्षणसेवकाला मानधन, आरोग्य सेविकेला मानधन, तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला मानधन. २०२४ साली पेसा क्षेत्रातील भरती न्यायालयात अडकली, तेव्हा शासनाने तेथील उमेदवारांना ज्या तात्पुरत्या नेमणुका देऊ केल्या, त्याही मानधनावरच. या शब्दात मान किती आणि धन किती, हे ज्याला ते मिळते तोच जाणे. पण करकपात करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने या एका शब्दाचे परिणाम फार मोठे आहेत.

आयकर कायद्याने नोकरदाराच्या पगारावरील कपातीची रीत पुरेशी न्याय्य ठेवलेली आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे मालकाने कर्मचाऱ्याच्या त्या आर्थिक वर्षातील एकूण पगाराचा अंदाज करायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटून कापायचा. कर शून्य येत असेल तर कपातही शून्य. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट देऊन कर शून्यावर आणला. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, ती धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंतचा वार्षिक पगार करमुक्त झाला. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढविले गेले, ते प्राथमिक शाळेत दरमहा १६,००० आणि माध्यमिक शाळेत १८,००० रुपये. वर्षाचे दोन-सव्वादोन लाख होतात. म्हणजे जुन्या पद्धतीने मोजा की नव्या, कराची रक्कम शून्यच येते. नंदुरबारातल्या बहुसंख्य नव्या नोकरदारांची स्थिती याहून वेगळी नाही. मग त्यांच्या पगारातून आयकर जातो कसा?

जातो तो पगाराला पगार न म्हटल्यामुळे. १९९५ साली कायद्यात कलम १९४ जे आले. डॉक्टर, वकील, वास्तुशास्त्रज्ञ, सनदी लेखापाल अशा स्वतंत्र व्यावसायिकांना दिलेल्या शुल्कातून दहा टक्के कापण्याची ती तरतूद. त्यात वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज नाही, मूळ सूट नाही, प्रमाणित वजावट नाही. वर्षाकाठी ठरलेली मर्यादा (पूर्वी ३०,००० रुपये, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० रुपये) ओलांडली की सरळ दहा टक्के. मुंबईतल्या नामांकित वकिलाला हे शोभून दिसते. पण ठेकेदाराने कागदावर 'सल्लागार' म्हणून नेमलेला धडगावचा एखादा पदवीधर तरुण याच कलमाखाली येतो, तेव्हा काय होते ते पाहावे. असे समजू, की तो १ ऑक्टोबरला दरमहा २२,००० रुपयांवर रुजू झाला. मार्चअखेरपर्यंत त्याचे उत्पन्न १,३२,००० रुपये. त्यावर आयकर शून्य. पण दरमहा २,२०० रुपयांप्रमाणे सहा महिन्यांत १३,२०० रुपये कापले गेले. जवळजवळ अठरा दिवसांचा पगार.

त्याचा पॅन क्रमांक चालू नसेल तर ही रक्कम दुप्पट होते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कलम २०६ एए प्रमाणे ज्याचा पॅन नाही, त्याच्याकडून अशा रकमेवर किमान वीस टक्के कापायचे. आणि १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेला पॅन 'निष्क्रिय' ठरतो. म्हणजे खिशात कार्ड आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. या तरुणाचे मग दरमहा ४,४०० रुपये जातात. सहा महिन्यांत २६,४०० रुपये. देय कर मात्र अजूनही शून्यच. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने, जो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केल्याचा डांगोरा पिटला, पण पॅन नसल्यास चढ्या दराने कपात हा नियम जसाच्या तसा ठेवला.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण अनेक कार्यालयांतून चक्क अज्ञानापोटी अन्याय होतो. पगार हा पगार म्हणूनच दिला जात असेल आणि वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल, तर पॅन नसला तरी कपात करायची नाही, असे आयकर खात्याने पगारावरील कपातीविषयीच्या आपल्या परिपत्रकांतच सांगितले आहे. कलम २०६ एएचा बडगा दाखवून ज्या लेखाधिकाऱ्यांनी सोळा-अठरा हजारांच्या पगारातून वीस टक्के कापले, त्यांनी खात्याची परिपत्रकेच वाचलेली नाहीत. दुसरी चूक गणिताची. ऑक्टोबरात रुजू झालेल्याचा मासिक पगार सरसकट बाराने गुणायचा आणि त्यावर कर काढायचा, हे कायद्याला मान्य नाही. त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष मिळणारा पगारच धरावयाचा असतो. वैद्यकीय अधिकारी, अभियंता असा बऱ्या पगारावरचा माणूस वर्षाच्या मध्याला नोकरीला लागतो, तेव्हा या गुणाकाराचा फटका त्याला हमखास बसतो.

मानधन घेणारा माणूस व्यावसायिक की नोकर, हा प्रश्न वस्तुतः नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच धरणगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या अगरियांविषयी तो सोडविला होता. कंपनीचे म्हणणे असे, की हे लोक स्वतंत्र ठेकेदार आहेत, आम्ही त्यांना मिठाच्या वजनावर पैसे देतो, आमचे त्यांचे नाते मालक-कामगाराचे नाही. न्यायालयाने विचारले, काम काय करायचे एवढेच नव्हे तर ते कसे करायचे, यावर ताबा कोणाचा? ताबा कंपनीचा होता, म्हणून अगरिये कामगार ठरले. ही कसोटी नंदुरबारला लावून पाहावी. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाचे वेळापत्रक प्राचार्य ठरवितात, अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, हजेरीपटावर सही त्याला करावी लागते, परीक्षेचे काम नाकारण्याची सोय त्याला नाही. कंत्राटी आरोग्य सेविकेला कोणत्या पाड्यावर कोणत्या वारी जायचे हे वरून सांगितले जाते. यांत 'स्वतंत्र व्यवसाय' कोठे आला? स्वतंत्र व्यावसायिक आपले शुल्क स्वतः ठरवितो, चार अशिलांपैकी दोघांना नकार देतो. या लोकांनी आजवर नकार दिला आहे तो फक्त दुपारच्या जेवणाला.

आता संस्थाचालक आणि ठेकेदार त्यांना पगारदार म्हणावयाला का कचरतात, हे सांगावयास नको. पगारदार म्हटले की भविष्यनिर्वाह निधी आला, उपदान आले, प्रसूती रजा आली, उद्या कायम करा असा दावाही आला. व्यावसायिक म्हटले की हे सारे टळते आणि दहा टक्के सरकारजमा करून कायदा पाळल्याचे पुण्यही पदरात पडते. म्हणजे करकपातीचे कलम हे कामगार कायद्यातून निसटण्याची पळवाट झाले आहे. आणि ही पळवाट शासनाच्या डोळ्यांदेखत, पुष्कळदा शासनाच्याच कंत्राटांतून वापरली जाते.

या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय गाभा कोठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे. कपात करणाऱ्याने कमी कापले तर कायदा त्याला 'कसूरदार' ठरवितो. न कापलेल्या रकमेवर महिन्याला एक टक्का आणि कापून न भरलेल्या रकमेवर दीड टक्का व्याज त्याच्याकडून घेतो, शिवाय ठेकेदाराच्या त्या खर्चाचा काही हिस्सा त्याच्या नफ्यातून वजा होऊ देत नाही. हे योग्यच आहे. पण त्याने जास्त कापले तर? काहीही होत नाही. दंड नाही, व्याज नाही, साधी विचारणाही नाही. एका बाजूला दंडाचा धाक आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण मोकळीक, अशी रचना असली म्हणजे कोणताही शहाणा कारकून शंका येताच जास्तच कापणार. त्याच्या दुष्टाव्याचा येथे प्रश्न नाही. कायद्यानेच त्याला तसे शिकविले आहे. शंकेचा फायदा आरोपीला द्यावा असे फौजदारी न्यायाचे तत्त्व सांगते. करकपातीत शंकेचा भुर्दंड मात्र निरपराध्याला.

"पण पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरले की परत मिळतात," हे यावरचे ठराविक उत्तर. ते जितके सोपे दिसते तितके नाही. ज्याचे उत्पन्न पगार म्हणून नोंदले आहे तो सर्वांत सोपे, एक क्रमांकाचे विवरणपत्र भरू शकतो. ज्याचे उत्पन्न व्यावसायिक शुल्क म्हणून नोंदले गेले, त्याला व्यवसायाचे विवरणपत्र भरावे लागते. मग अंदाजी नफ्याचे कलम लागू होते की नाही याचा खल, आणि त्यासाठी करसल्लागाराचे घर. त्याने साधे विवरणपत्र भरले तर खात्याचे यंत्र विसंगतीची नोटीस पाठविते. अक्कलकुव्याच्या डोंगरातून किंवा नर्मदाकाठच्या मणिबेलीकडून जो तालुक्याला येतो, त्याचा एक दिवस, एक दिवसाची मजुरी आणि सल्लागाराची फी धरली तर परताव्यातले उरते किती? सारे काम संगणकावर झाले म्हणून सोय झाली, असे पुण्या-मुंबईत म्हणता येईल. जेथे मोबाइलवर येणारा परवलीचा आकडा वेळेत मिळावा म्हणून उंचवटा शोधावा लागतो, तेथे संगणक ही आणखी एक चढण आहे.

व्याजाचा हिशेब तर उघडच एकतर्फी आहे. करदात्याने आगाऊ कर भरण्यात कसूर केली तर त्याच्याकडून महिन्याला एक टक्का. सरकारने त्याचे पैसे दाबून ठेवले तर त्याला महिन्याला अर्धा टक्का. विवरणपत्र उशिरा भरले तर हे अर्ध्या टक्क्याचे व्याजही कपातीच्या काळापासून मिळत नाही, विवरणपत्र भरल्याच्या दिवसापासून मिळते. पॅन निष्क्रिय असेल तर परतावाच अडकतो आणि तेवढ्या काळाचे व्याजही नाही. ज्या तरुणाने पहिल्या महिन्याचे घरभाडे, भांडी आणि प्रवासखर्च यांसाठी गावच्या सावकाराकडून शेकडा दोन-तीन रुपये दरमहाने पैसे उचलले असतील, त्याने सरकारला अर्ध्या टक्क्याने किंवा फुकट कर्ज द्यायचे! हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसतो?

ब्रिटनने हा प्रश्न युद्धकाळातच ओळखला होता. तेथे १९४४ पासून पगारातून 'कमवाल तसा भरा' ही पद्धत सुरू झाली. नोकरी सोडताना जुना मालक 'पी ४५' नावाचा कागद देतो, त्यावर त्या वर्षातला पगार आणि कापलेला कर लिहिलेला असतो. नवा मालक तो पाहून वर्षाच्या आरंभापासूनचा एकत्रित हिशेब मांडतो. कागद वेळेवर आला नाही तर तात्पुरत्या संकेतांकाने जादा कर कापला जातो खरा, आणि त्याबद्दल तेथेही ओरड असते. पण खरा संकेतांक आला की जादा गेलेली रक्कम पुढच्याच पगारातून मालक परत करतो. कामगाराला वर्ष संपेपर्यंत ताटकळावे लागत नाही. आपल्याकडेही वर्षभरात एकाहून अधिक मालकांकडे काम केलेल्याला जुन्या पगाराचा तपशील नव्या मालकाला देण्याची तरतूद आहे, आणि मालकाला पुढच्या महिन्यांत कमी-जास्त कपात करून हिशेब जुळविण्याची मुभाही आहे. पण ती पगारापुरती. मानधनाला 'शुल्क' म्हटले की हे दार बंद. शिवाय कपात कमी करता येते, कापलेले रोख परत देता येत नाही. मार्चमध्ये चूक ध्यानात आली तर पुढचे महिने उरतच नाहीत.

कंत्राटी माणसाच्या बाबतीत 'नवी नोकरी' आयुष्यात एकदा येत नाही, हे येथे विसरता कामा नये. अकरा महिन्यांचा करार संपतो, एक महिन्याची किंवा आठ दिवसांची खंडित सेवा दाखविली जाते, ठेकेदार बदलतो आणि त्याच खुर्चीवर, त्याच टेबलापाशी तोच माणूस पुन्हा 'नवा' होतो. पुन्हा कागद, पुन्हा पॅन, पुन्हा बँकेचा तपशील. जुन्या ठेकेदाराने कापलेली रक्कम सरकारजमा केली की खिशात घातली, हे त्याला कळते ते कधी? वर्षअखेरीस खात्याच्या नोंदीत आपल्या नावापुढे रक्कम दिसत नाही तेव्हा. मालकाने कापलेला कर पुन्हा कामगाराकडून मागू नये, असे कायदा म्हणतो (कलम २०५). पण ज्याला कर द्यायचाच नव्हता त्याला या संरक्षणाचा उपयोग शून्य, कारण त्याला मागणीची भीती नव्हतीच, त्याला परतावा हवा होता. आणि नोंदच नसलेल्या रकमेचा परतावा खाते देत नाही.

शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती जमिनीच्या प्रश्नाबरोबरच सालदारांच्या मजुरीसाठी. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी सालदाराला शिकविले ते हे, की धन्याच्या वहीत काय लिहिले आहे ते विचारावयाचे. सालदाराच्या नावे काय मांडले, काय वजा केले, हे धनी जाणे, अशी तेव्हाची रीत होती. आज वहीच्या जागी संगणक आला. पण कपातीची चिठ्ठी न देणारा ठेकेदार आणि ती न मागणारा तरुण यांचे नाते त्या जुन्या रीतीहून फारसे पुढे गेलेले नाही. आणि या बाबतीत आजच्या कामगार संघटनाही उदासीन आहेत, हे सांगितलेच पाहिजे. वेतनश्रेणीसाठी मोर्चे निघतात, 'करकपात' हा शब्द मागणीपत्रात सहसा येत नाही.

राज्याचा व्यवसाय कर हा याच दुखण्याचा धाकटा भाऊ. १९७५ साली महाराष्ट्राने तो बसविला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेसाठी शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी थोडे द्यावे, ही भावना उदात्त होती आणि समाजवाद्यांनी तिचे स्वागतच केले. पण आज तो कर कोणाकडून कसा घेतला जातो? दरमहा ७,५०० रुपयांहून अधिक मिळविणाऱ्या पुरुषाला १७५ रुपये, १०,००० रुपयांहून अधिक असेल तर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले की थांबले, कारण १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० ची मर्यादा २,५०० केली, त्यावर गाडे अडले आहे. दरमहा ११,००० मिळविणारा आपल्या उत्पन्नाच्या सुमारे १.९ टक्के देतो आणि दरमहा दोन लाख मिळविणारा ०.१ टक्का. स्त्रियांसाठी १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट मिळाली, हे चांगले झाले. पुरुषांची मर्यादा मात्र तेथेच. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. गुजरातेने २०२२ साली १२,००० पर्यंतचा पगार या करातून वगळला. म्हणजे ११,००० रुपयांचा मजूर फलाटाच्या पलीकडे उच्छलला कामाला गेला तर त्याला व्यवसाय कर नाही, अलीकडे नवापुरात राहिला तर महिन्याला २०० रुपये. आणि जो फेब्रुवारीतच रुजू झाला त्याचे स्वागत ३०० रुपयांनी! ज्या मजुरासाठी कर बसविला, त्याचाच मुलगा नोकरीला लागताच त्याच्याकडून तो वसूल व्हावा, हे पागे यांच्या मनात खचित नव्हते.

काही जण विचारतात, की ईशान्येकडील विनिर्दिष्ट क्षेत्रांतल्या आणि लडाखमधल्या अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तेथील उत्पन्नावर आयकर माफ आहे, मग पाचव्या अनुसूचीतल्या नंदुरबारला का नाही? प्रश्न रास्त आहे, पण तो निराळा आणि मोठा आहे. येथे मागणी माफीची नाही. जो कर नाहीच तो घेऊ नका, इतकेच म्हणणे आहे.

आणि सवलती देण्याचा हात सरकारचा आखडलेला आहे असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका वटहुकमाने कंपन्यांचा कर बावीस टक्क्यांवर आणला गेला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होऊन ३१ मार्च २०२४ पूर्वी उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या कारखानदार कंपनीला तर अधिभार सोडून पंधरा टक्केच. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्दच केला. नव्या कंपनीच्या कोट्यवधींच्या नफ्यावर पंधरा टक्के आणि पॅन निष्क्रिय झालेल्या नव्या नोकरदाराच्या करमुक्त मानधनावर वीस टक्के! दोघेही 'नवे'च. एकाला पायघड्या, दुसऱ्याला पाचर. खातेवाले म्हणतील, की एक कर आहे आणि दुसरी केवळ कपात, ही तुलना गैर आहे. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. पण ज्याच्या घरी महिनाअखेर पीठ विकत आणावे लागते, त्याला कर आणि कपात यांतला भेद समजावून सांगण्याचे धाडस त्यांनी एकदा धडगावच्या बाजारात उभे राहून करावे.

तोवर नव्या नोकरदाराने स्वतःचे रक्षण स्वतः केले पाहिजे आणि ते त्याला करता येण्याजोगे आहे. नेमणुकीच्या आदेशात 'वेतन' लिहिले आहे की 'व्यावसायिक शुल्क', हे सही करण्यापूर्वी पाहावे आणि शुल्क लिहिले असेल तर लेखी हरकत नोंदवावी. वर्षात आधी कोठे काम केले असेल तर तेथील पगाराचा आणि कपातीचा तपशील नव्या मालकाला द्यावा. तो लपविण्याने लाभ होत नाही, मोठ्या पगारावर तर पुढे व्याजासह मागणी येते. दर महिन्याची चिठ्ठी आणि कपातीचा दाखला मागावा, खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर रक्कम जमा दिसते की नाही हे दर तिमाहीस तपासावे. शुल्क म्हणूनच पैसे मिळणार असतील तर शून्य किंवा कमी दराने कपातीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून आगाऊ घेता येतो, मात्र त्यासाठी पॅन चालू असावा लागतो. बँकेच्या व्याजावर कपात होऊ नये म्हणून खातेदार एक पानाचे प्रतिज्ञापत्र देऊन मोकळा होतो. व्यावसायिक शुल्काला मात्र १९६१ च्या कायद्याने ही साधी सोय तीस वर्षांत दिली नाही. ठेवीदारावर जो विश्वास टाकला जातो, तो श्रम करणाऱ्यावर का टाकला जाऊ नये? हे एक पान कंत्राटी कामगाराला मिळाले तर निम्मा प्रश्न सुटेल, आणि त्यासाठी तिजोरीला एक पैसाही खर्च नाही, कारण जे पैसे तिचे नाहीत तेच तिला सोडावयाचे आहेत.

उरला पॅन आणि आधार यांच्या जोडणीचा प्रश्न, आणि तो या जिल्ह्यात विशेष बिकट आहे. जन्मनोंद नसलेल्या मुलाची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत १ जून लिहिली. आधारच्या नोंदणीत नुसते वय सांगितलेल्याची तारीख यंत्राने १ जानेवारी धरली. वळवी, वसावे, पाडवी ही आडनावे इंग्रजीत एका कागदावर एका स्पेलिंगने तर दुसऱ्यावर दुसऱ्याच. लग्नानंतर मुलीचे नाव बदलले ते एका कागदावर, दुसऱ्यावर राहिले माहेरचेच. यांतली कोणतीही एक विसंगती जोडणी नाकारण्यास पुरेशी होते. चूक कोणाची हे विचारण्याची पद्धत नाही. जुलै २०२२ पासून उशिरा जोडणी करणाऱ्यास १,००० रुपये शुल्क बसविले गेले, ते मात्र न चुकता ज्याची जोडणी अडली त्याच्याकडूनच. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावी. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते, मंडप पडला होता, आदिवासींना ओळख मिळाली म्हणून भाषणे झाली. ज्या जिल्ह्याने देशाला हा क्रमांक पहिल्यांदा वापरून दाखविला, त्या जिल्ह्यातल्या सहाही तहसील कचेऱ्यांत नावाची आणि जन्मतारखेची दुरुस्ती करणारी शिबिरे भरवावीत, पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात हे १,००० रुपयांचे शुल्क रद्द करावे आणि निष्क्रिय पॅनपायी १ जुलै २०२३ नंतर वीस टक्क्यांनी कापलेल्या रकमा, ज्यांचे उत्पन्न करपात्र नव्हते अशा सर्वांना, विवरणपत्राची वाट न पाहता त्यांच्या बँक खात्यात परत कराव्यात. खाते क्रमांक सरकारपाशी आहेतच. कपात करताना ते बरोबर सापडले होते.